मोजणीवही, पान अकरा

दर्शनी भिंत: एकवीस मीटर चाळीस.
टेपचं एक टोक कुणकेरकरांच्या हातात,
शिपाई, रिटायर व्हायला चार महिने.
ते शून्यापाशी उभे, मी आकड्यापाशी.

आडबंदरचं हे जुनं कोर्ट
आधी मिठाचं कोठार होतं, असं ते म्हणतात.
कागद तसं म्हणत नाहीत.
भिंत म्हणते:
कंबरेइतक्या उंचीपर्यंत चुना फुगलेला,
पापुद्रे सुटलेले. बोट फिरवून जिभेला लावलं
(हे वहीत लिहायचं नसतं)
खारट.

दगड जांभा, वरच्या सड्यावरचा.
खाणीतून काढताना चिरा इतका मऊ
की कोयत्यानं तासावा,
मग वाऱ्यापावसात वर्षागणिक घट्ट होत जातो.
साक्षीदाराचं नेमकं उलट, असं इथले एक वकील म्हणायचे:
पहिल्या दिवशी कडक,
तीन तारखांनंतर हाताला माती लागते.

व्हरांड्याचे खांब नऊ. आठ गोल, एक चौकोनी.
चौकोनी का, कुणालाच ठाऊक नाही.
गोल खांबांचा गवंडी वारला असेल,
किंवा त्याचीच कुठं तारीख लागली असेल.

बाकडं एकच.
दुपारनंतर पश्चिमेचं ऊन आत येतं,
म्हणून वादी-प्रतिवादी दोघंही
सरकत सरकत एकाच टोकाला.
आवू मयेकर आणि इनास डिसोजा,
कुंपणावर झुकलेल्या एका माडापायी सत्तावीस वर्षं.
आत एकमेकांचे चोर,
बाहेर एकाच काडीवर दोन विड्या.
"शेवटी माड कुणाचा ठरला?"
"माड?" कुणकेरकर हसले.
"तो निकालाच्या आदीच पडलो, मॅडम.
दोघांनी मिळान विकल्यानी, वाशांक."

आतली खोली. आढ्याला ऐनाचं लाकूड,
त्यात लोखंडी कड्या दोन, रिकाम्या.
न्यायासनामागची भिंत पाऊण मीटर जाड,
आणि तिच्यात, माझ्या डोक्याच्याही वर,
रुपयाएवढं एक भोक.
नकाशात नाही.

"दोरयेचा," कुणकेरकर म्हणाले,
आणि मला मागच्या बोळात घेऊन गेले.
या बाजूला भोकाची खालची कड
झिजून झिजून तेल दिल्यासारखी गुळगुळीत.
इथं लाडू घाडी बसायचा,
कुणकेरकरांच्या आजीचा बाप.
साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा
भिंतीपलीकडून ओढायचा, दहा ते पाच.
दिसायचं काही नाही. ऐकू यायचं सगळं:
शपथा, खोकले, कागदांची सळसळ,
बाईमाणसाचं मधेच गप्प होणं.
घरी येऊन सांगायचा म्हणे,
खोटं बोलणारा शब्दाआधी थांबतो,
खरं बोलणारा शब्दानंतर.

एकदा कुणा विधवेचं घर गेलं,
तिच्याच अंगठ्याच्या एका ठशावर.
निकाल वाचून होतो न होतो
तोच पंखा थांबला.
साहेबांनी घाम पुसला, घंटी वाजवली,
पुन्हा वाजवली.
लाडूचे दोन आणे कापले गेले.
त्या खटल्याचं अपील
एवढंच झालं.

फॉर्ममध्ये रकाने आहेत: दार, खिडकी, झरोका.
भोकाला रकाना नाही.
मी आत परतले, स्टुलावर चढून कान लावला.
पलीकडून कुणकेरकर, अगदी हळू,
देवळात बोलावं तसं:
"मॅडम, आयकाक येता?"

येतं.

झरोक्याच्या रकान्यात लिहिलं,
नग एक, व्यास अडीच सेंटिमीटर.
शेरा: बुजवू नये.

पान बारा.
पाण्याची टाकी, गळकी.